व्हिडिओमागचे गणित

व्हिडिओ लहान जागेत मावावा म्हणून प्रत्येक चित्राचे चौकोन पाडतात आणि त्यांतले ढोबळ व बारीक बदल आकड्यांत मांडतात. त्यासाठीची डीसीटी ही पद्धत बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली.

२०२० च्या व्हीव्हीसी या व्हिडिओ मानकात हा चौकोन ६४ बाय ६४ बिंदूंपर्यंत वाढला. सरधोपट हिशेबाने एकाच चौकोनाला सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार लागतील! आधी आडव्या ओळी, मग उभे स्तंभ सोडवले की ते सव्वापाच लाखांच्या आसपास येतात. गुणकांमधल्या सममितीमुळे आणखी घटतात.

शिवाय एवढ्या मोठ्या चौकोनात बारीक बदलांचे आकडे सरळ शून्य धरतात. ४०९६ पैकी १०२४ च उरतात. मोठे चौकोन बहुधा आकाशासारख्या सपाट भागांत वापरतात, त्यामुळे डोळ्यांना फरक सहसा जाणवत नाही.