गाडी का ओढते, हे आपल्याला कळलेच पाहिजे

(वाहनचालक स्त्रियांच्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

समारोपाला बोलावलेल्या पाहुण्यांनी चार शब्द कौतुकाचे बोलावेत आणि नारळ घेऊन निघावे, अशी पद्धत आहे. कौतुक तर आहेच. घरचे पाणी भरून, मुलांचे डबे करून तुम्ही रोज सकाळी सातला स्टिअरिंगवर बसलात. पण आज माझा वेळ मी वेगळ्या कामासाठी वापरणार आहे. तुमच्यापैकी काही जणी शाळेची व्हॅन चालवणार आहेत, काही जणी कर्ज काढून स्वतःची टॅक्सी घेणार आहेत आणि दोघी जणी आपल्या संस्थेची जीप चालवणार आहेत. त्याच जीपमधून मार खाल्लेली बाई रात्री पोलीस ठाण्यात जाते आणि अडलेली बाळंतीण ग्रामीण रुग्णालयात जाते. ती जीप नीट चालली पाहिजे. म्हणून आज मी एकाच बिघाडाबद्दल बोलणार आहे: गाडी चालवताना ती एका बाजूला ओढू लागली तर काय करायचे?

‘गाडी एका बाजूला ओढते’ म्हटले की कुणाला तरी लगेच संसाररथाची दोन चाके आठवतात. ते उदाहरण आपण खूप वापरून झिजवले आहे. आज फक्त खऱ्या गाडीच्या खऱ्या चार चाकांबद्दल बोलू.

हाच बिघाड का निवडला? कारण याचे खापर हमखास चालवणारीवर फुटते. इंजिन बंद पडले तर ते इंजिन बिघडले असते. पण गाडी डावीकडे जाते म्हटले की गॅरेजमध्ये पहिले उत्तर मिळते, ‘ताई, तुमचा हातच तसा आहे.’ पुरुष चालक हीच तक्रार घेऊन गेला तर त्याची गाडी जॅकवर चढते. आपल्याला मात्र आधी आपला हात सरळ आहे हे सिद्ध करावे लागते. आपल्या आधीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला तर ‘साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो’ असे सांगण्यात आले. तिची गाडी सतत डावीकडे ओढत होती. दोनदा अलाइनमेंट केले, मग पुढचे दोन्ही टायर नवे घालायला लावले. ओढणे थांबले नाही. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने पाहिले, तर पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटलेला होता. तोवर तिच्या दोन महिन्यांच्या हप्त्याचे पैसे गेले होते आणि घरात ‘बाईला कशाला हवी गाडी’ हे सुरू झाले होते. म्हणजे एका चिकटलेल्या ब्रेकने एका बाईचा रोजगार जवळजवळ बंद पाडला होता. प्रश्न एवढा मोठा आहे.

आता कामाला लागू. वह्या काढा.

पहिली गोष्ट, गाडी खरोखर ओढते आहे का ते पाहा. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते बांधतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकणे हा रस्त्याचा गुण आहे, गाडीचा दोष नाही. जोराचा आडवा वारा असेल किंवा सगळे वजनदार सामान एकाच बाजूला भरले असेल, तरी गाडी ओढल्यासारखी वाटते. म्हणून पारख सपाट जागेवर करा. बाजार समितीचे रिकामे आवार किंवा मोठे मैदान चालेल. वेग तीस-चाळीसच्या पुढे नको. स्टिअरिंग अगदी हलके धरा, सोडू मात्र नका. गाडी दर वेळी त्याच बाजूला गेली तर दोष गाडीत आहे.

आणि तीन गोष्टी लिहून ठेवा. कोणत्या बाजूला ओढते? सतत ओढते की फक्त ब्रेक मारल्यावर? हळूहळू सुरू झाले की एकदम, खड्ड्यात आपटल्यानंतर? या तीन उत्तरांत अर्धे निदान झालेले असते. डॉक्टरकडे जाताना आपण ताप कधीपासून आहे ते सांगतो ना, तसेच हे.

दुसरी पायरी हवेची. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारे कारण हेच. पुढच्या दोन चाकांपैकी ज्यात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा गाडी थंड असताना तपासायची. गाडी धावली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा वाढलेला दिसतो. किती पौंड भरायची, ते चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असते. टायरवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तेवढी भरायची नसते. पंपावरचा मुलगा विचारेल, ‘किती टाकू?’ त्याला आकडा आपण सांगायचा. एकाच चाकातली हवा पुन्हापुन्हा कमी होत असेल तर त्यात बारीक पंक्चर आहे किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

तिसरी पायरी टायरची. खाली बसा आणि टायरवरून हात फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त झाली आहे. एकच कड, आतली किंवा बाहेरची, झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे किंवा खालचे काही ढिले झाले आहे. टायरच्या खाचांमध्ये आडव्या लहान उंचवट्याच्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीवर आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली की तो टायर संपला. पैसे वाचवायला एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर घातला, तरी गाडी ओढू शकते.

कधीकधी टायर दिसायला चांगला असतो, पण त्याच्या बांधणीतच दोष असतो. तो ओळखायची युक्ती सोपी आहे. पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करा, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. पूर्वी डावीकडे ओढणारी गाडी आता उजवीकडे ओढू लागली, तर दोष टायरचा. पूर्वीच्याच बाजूला ओढत राहिली, तर टायर निर्दोष. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका. चाक बदलायला तुम्ही इथे शिकलाच आहात. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही.

चौथी पायरी ब्रेकची. इथे चालढकल नको. गाडी सतत एका बाजूला ओढते, नेहमीपेक्षा जड चालते, जळकट वास येतो, अशी लक्षणे असतील तर त्या बाजूचा ब्रेक चिकटला असण्याची शक्यता आहे. थोडे अंतर चालवून थांबा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या जवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर दोष तिथे. अशी गाडी प्रवासी घेऊन चालवायची नाही. याउलट गाडी एरवी सरळ जाते आणि फक्त ब्रेक मारल्यावर ओढते, तर अर्थ वेगळा. ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो, त्या बाजूला गाडी वळते. म्हणजे दोष बहुधा विरुद्ध बाजूला असतो. तिथला ब्रेक नीट धरत नाही, त्यावर तेल गळले आहे किंवा त्यातला पिस्टन अडकला आहे. मिस्त्रीला दोन्ही बाजू उघडून दाखवायला सांगा.

पाचवी पायरी अलाइनमेंटची. ही पाचवी आहे, पहिली नाही, हे अधोरेखित करा. खालचे बॉलजॉइंट, टायरॉड एंड, बुश ढिले असतील किंवा जीपचा पाटा तुटला असेल, तर अलाइनमेंट करून उपयोग नाही. दोन दिवसांत ते पुन्हा बिघडते. म्हणून आधी ढिलेपणा तपासायला सांगायचे, मग मशीनवर चढवायचे. मशीनचा कागद मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा. त्यावर तीन शब्द असतात. टो म्हणजे वरून पाहिले तर चाके पुढे एकमेकांकडे वळली आहेत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिले तर चाक उभे आहे की कललेले. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते, त्याचा पुढे-मागे कल. टो बिघडला की मुख्यतः टायर झिजतात आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहते. ओढण्याचे कारण बहुतेक वेळा दोन बाजूंच्या कॅम्बर किंवा कॅस्टरमधला फरक असते. बऱ्याच लहान गाड्यांत फक्त टो बदलता येतो. कॅम्बर-कॅस्टर चुकले असतील तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे आणि ते बदलावेच लागेल. बॅलन्सिंग मात्र वेगळे. ते स्टिअरिंग थरथरत असेल तर करायचे, त्याने ओढणे थांबत नाही.

शेवटचे तांत्रिक सांगणे. गाडी चालता चालता एकदम जोरात ओढू लागली तर टायर बसला असेल किंवा खालचे काही तुटले असेल. कचकन ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या आणि कडेला घ्या. तिथून पुढे टोइंगच.

मैत्रिणींनो, यातले काहीही ‘बाईच्या बुद्धीपलीकडचे’ नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. मोटारीतून केलेला तो जगातला पहिला लांबचा प्रवास मानला जातो, सुमारे शंभर किलोमीटरचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो, त्याची ती सुरुवात. म्हणजे गाडी दुरुस्त करणारी बाई गाडीइतकीच जुनी आहे. आपल्याकडे एस.टी.ची बस चालवणारी स्त्री मात्र २०२३ साली दिसली. मधल्या काळात बाईला गाडीत मागे बसायला शिकवले गेले, बॉनेट उघडायला नाही.

गॅरेजमधले सगळेच लबाड असतात असे मी म्हणत नाही. तुम्हाला इथे मनापासून शिकवणारे मिस्त्रीदादा समोरच बसले आहेत. पण ज्ञान एकाच बाजूला असले की चांगल्या माणसाच्याही तोंडून सहज निघते, ‘तुम्हाला नाही कळायचे.’ म्हणून काही नियम आपले आपण घालून घेऊ. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्यायचे. काढलेला जुना भाग परत मागायचा. पक्के बिल घ्यायचे. दुरुस्तीनंतर पैसे देण्याआधी गाडी स्वतः चालवून पाहायची. फसवणूक झालीच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तिथे उभे राहायला हातात कागद लागतो. बिल नाही, तर आपली बाजू मांडायची कशाच्या आधारावर?

एक सूचना ठेवते आणि थांबते. आपल्या प्रत्येक गटाने वर्गणी काढून हवा मोजायचा एक गेज आणि एक वही घ्यावी. कोणत्या गाडीला काय झाले, कुणी काय सांगितले, शेवटी काय निघाले, किती पैसे लागले, हे त्या वहीत प्रत्येकीने लिहावे. सहा महिन्यांनी ती वही नव्या वर्गाला वाचून दाखवू. पुढच्या बाईला कुणी ‘तुमचा हातच तसा आहे’ म्हणाले, तर तिने शांतपणे सांगावे, ‘दादा, हवा बघितली, टायर बदलून बघितले, डावे चाक गरम आहे. ब्रेक उघडा.’