उंबरठ्याबाहेरची मराठी



'रोजच्या जगण्यातला निसर्ग' हा आजचा विषय. निसर्ग म्हटला की आपल्याला पचमढी, मांडू, फार तर पाताळपाणी आठवते. सुट्टी काढून, गाडी करून जायची जागा. आज मला तुम्हांला इतके लांब न्यायचे नाही. अंगणापासून कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत जायचे आहे, आणि तेही मराठीतून.

'मराठीतून' हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या घरांची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: घरात मराठी, बाहेर हिंदी. त्यात वावगे काही नाही. दोन्ही भाषांनी आपल्याला सांभाळले. पण या रीतीचा एक परिणाम आपल्या लक्षात आलेला नाही. उंबरठ्याच्या आत ज्या वस्तू होत्या त्यांची नावे टिकली. पाट, उलथणे, निरांजन, ताम्हण हे शब्द आपल्या नातवंडांनाही ठाऊक आहेत. पण ताम्हण नावाचे एक झाडही असते, उन्हाळ्यात ते जांभळ्या फुलांनी भरते आणि तेच महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, हे घरात किती जणांना सांगता येईल? उंबरठ्याबाहेरची नावे आपल्या तोंडून गेली. बहावा 'अमलतास' झाला, सावर 'सेमल' झाली, भारद्वाज 'महोख' झाला. पुढच्या पिढीत तर अमलतासही गेला. उरले नुसते 'पिवळ्या फुलांचे झाड'.

नाव गेले म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. पावसाळ्याच्या तोंडावर एक पक्षी चढत्या स्वरात सारखा ओरडत राहतो. हिंदीत तो पपीहा. त्याच्या ओरडण्यात हिंदी कानाला 'पी कहाँ' ऐकू येते, म्हणजे विरहिणीचा प्रश्न. मराठीत तोच पावशा. मराठी कानाला तो 'पेरते व्हा' म्हणतो, म्हणजे शेतकऱ्याला हाक. पक्षी एक, स्वर एक, पण ऐकणारी संस्कृती वेगळी. आपल्यासारख्या दुभाषी घरांना हे दोन्ही अर्थ आंदण मिळालेले आहेत. पावशा हा शब्द विसरलो, तर त्यातला एक अर्थ आपण आपल्या हाताने टाकून दिला असे होईल.

आता दुसरी गोष्ट. आपले सणवार आपण निष्ठेने जपले. या सणांकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. गुढीला कडुनिंबाचा डहाळा, तोही चैत्रात, कोवळी पालवी आणि फुलोरा आलेला. ज्येष्ठात वड. श्रावणात मंगळागौरीची आणि भाद्रपदात गणपतीची पत्री. दसऱ्याला आपटा. कार्तिकात आवळीभोजन. संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, ओला हरभरा. वर्षभरात कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाकडे जायचे, याचा हा पाठच होता. आपण पूजा ठेवली आणि पाठ सोडला. वडाची फांदी तोडून विकायला येते, पत्रीची जुडी बांधून मिळते. जुडीत नेमके काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. दसऱ्याला आपण जे 'सोने' लुटतो ते पुष्कळदा आपट्याचे नसतेच, कांचनाचे असते. दोन्ही पाने दुभंगलेली, म्हणून फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचे मोठे आणि मऊ. फुले आली की मग शंकाच उरत नाही. कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी. आपट्याची बारीक, फिक्या रंगाची.

निसर्गाकडे परतण्याची वाट म्हणूनच आपल्याला नव्याने शोधायची नाही. ती पंचांगात आहे. चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, वटपौर्णिमेला फांदी घरी न आणता वडापाशी जा. आपल्या गावात याची एक वेगळीच गंमत आहे. हिंदी शेजारणी वटसावित्रीचे व्रत अमावास्येला करतात, आपण त्यानंतरच्या पौर्णिमेला. मोहल्ल्यातल्या एकाच वडाला पंधरा दिवसांत दोनदा सूत गुंडाळले जाते. नातीला ते दाखवा. दोन पंचांगे एका झाडापाशी कशी भेटतात, हे तिला तिथे दिसेल.

दुसरी, गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी निदान पाच स्वतः खुडा. दूर्वा, तुळस, माका, आघाडा पावसाळ्यात सहज सापडतात. आघाड्याचे तुरे कपड्यांना चिकटतात. ज्या मुलाला ते एकदा चिकटले, ते मूल आघाडा विसरत नाही. दसऱ्याला मात्र एकच पान खुडा आणि झाड शाबूत ठेवा.

तिसरी, भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी एक ओळ लिहा: आज पळस फुलला, आज पावशा ओरडला, आज पहिली वळिवाची सर आली. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, पण मालव्यात पाऊस कोकणापेक्षा उशिराच पोचतो. आपल्या अंगणातला मृग कधीचा, ते आपल्याच नोंदीतून कळेल.

चौथी, हिवाळ्यात एखादी सकाळ सिरपूर तलावावर घालवा. शहराला लागून असलेले हे पाणथळ 2022 मध्ये रामसर यादीत गेले, यशवंतसागरही त्याच वर्षी. तिथे दिसेल त्या पक्ष्याला आधी मराठी नाव द्या, मग हिंदी.

इथे एक नाव घ्यायलाच हवे. बारा महिन्यांच्या निसर्गावर 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत 1910 साली जन्मल्या त्या याच इंदुरात. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मुंबईसारख्या शहरात गेला, आणि तरी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकही महिना त्यांच्या नजरेतून सुटला नाही. शहरात राहतो म्हणून निसर्ग दिसत नाही, ही सबब निदान आपल्या गावाने तरी सांगू नये.

आपली मराठी पुढे टिकेल का, याची चर्चा या सभागृहात दरवर्षी होते. आपण शाळांविषयी बोलतो, ग्रंथालयांविषयी बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्यांतच जी भाषा वावरते, ती हळूहळू आजारी माणसासारखी घरकोंबडी होते. तिला रोज थोडे बाहेर न्या. फाटकाशी उभे राहून नातवाला सांगा: हा करंज, तो शेवगा, ती साळुंकी. तो विचारील, 'आजोबा, हिंदीत याला काय म्हणतात?' तेही सांगा. सांगता येत नसेल, तर दोघांनी मिळून शोधा. तेवढा वेळ तुम्ही दोघे झाडाखाली असाल.