भोकांच्या जागेवरचे एकमत



घरी स्वतः कॉम्प्युटर जोडायचा म्हटले की लोक आधी विचारतात, सोल्डरिंग यावे लागते का? अजिबात नाही. एक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि रिकामे टेबल, एवढ्यावर भागते. हे इतके सोपे कसे झाले, ती हकीकत आधी सांगतो.

1981 साली आयबीएमला छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात घाईने उतरायचे होते. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या चमूने प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, आणि बाहेरच्यांनी कार्डे बनवावीत म्हणून यंत्राचे आराखडेही छापून दिले. बाहेरच्यांनी कार्डे बनवलीच. पुढच्या वर्षी कॉम्पॅकने तर त्याच धर्तीचे अख्खे यंत्र जाहीर केले. 1987 मध्ये आयबीएमने आपल्या मालकीची नवी रचना आणून दार लावून पाहिले, पण तोवर गाव वसले होते. मग 1995 साली इंटेलने एटीएक्स नावाचे प्रमाण मांडले. मदरबोर्ड जास्तीत जास्त 305 बाय 244 मिलिमीटरचा, स्क्रूची भोके अमुक ठिकाणी, वीज अमुक जोडणीतून. आज एका कंपनीचा बोर्ड भलत्याच कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसतो तो त्यामुळे. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारी ही मंडळी भोकांच्या जागेवरून भांडत नाहीत, याचे मला प्रोसेसरच्या वेगापेक्षा जास्त नवल वाटते.

मग अडते कुठे? जिथे एकमत नाही तिथे. प्रोसेसरचे सॉकेट ज्याचे त्याचे. एएमडीचे 2016 चे एएम4 वेगळे, 2022 चे एएम5 वेगळे. इंटेलने 2021 मध्ये 1700 संपर्कबिंदूंचे सॉकेट आणले आणि 2024 मध्ये 1851 चे. डीडीआर4 आणि डीडीआर5 रॅमची खाचसुद्धा सरकवलेली आहे. म्हणून खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी यादी घरी बसून जुळवा. खरे काम तेच. जोडणी ही दुपारची करमणूक आहे. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतले नाही तर पडदा काळाच राहणार, आणि बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या बसणार.

पैसे कमी पडले तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर काट मारा, एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, नको. पाचशे वॅटचे लेबल कुणीही चिकटवू शकतो. ‘एटी प्लस’ची खूण वीज किती वाया जाते एवढेच सांगते, आतला माल टिकाऊ आहे की नाही, ते सांगत नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, आणि घरच्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे तीन पिनांची भोके भिंतीत असतात, तिसऱ्यामागे तार असेलच असे नाही.

आता जोडणी. बोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच प्रोसेसर, रॅम आणि एम.2 एसएसडी बसवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळला की तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. वाकलेली पिन सरळ करण्यापेक्षा नवा बोर्ड स्वस्त पडतो असे वाटावे इतके ते किचकट असते. रॅमला मात्र टक् आवाज येईपर्यंत जोर लावा. चार खाचा असून दोनच पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. प्रोसेसरची वीज वरच्या कोपऱ्यातून, वेगळ्या आठ पिनांच्या वायरीने येते. नवखे लोक हमखास विसरतात ती हीच. ग्राफिक कार्ड बसवले असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे.

प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते, तेव्हा बिले आणि खोकी माळ्यावर टाकून ठेवा, रद्दीत नव्हे.

आणि डीडीआर5 असेल तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतात, पण पडद्यावर काही मिनिटे काहीच येत नाही. बोर्ड रॅमचे वेळापत्रक जुळवत असतो. तेवढ्यात घाबरून वीज बंद करू नका, चहा टाका.