ओतीव मूर्ती आणि अकोट्याचा ठेवा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथांच्या या घरात धातूच्या मूर्तींविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्याच बडोद्यात, विश्वामित्रीपलीकडच्या अकोट्यात मिळते. गेल्या शतकाच्या मध्यास तेथील भूमीतून ६८ जैन धातुमूर्ती बाहेर आल्या. इसवी सनाच्या पाचव्या ते अकराव्या शतकांतील हा ठेवा बडोद्याच्या संग्रहालयात आहे.

धातूची वस्तू दोन रीतींनी सिद्ध होते. तांबट पत्रा ठोकून ती घडवतो. ओतारी धातू वितळवून ती ओततो. तांब्यात कथील मिसळले, की ते कमी आचेवर वितळते आणि साच्यात नीट पसरते. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी अशीच ओतीव आहे.

या विद्येचे सविस्तर वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आढळते. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहेच. त्यात सांगितलेली रीत अशी : प्रथम मेणाची संपूर्ण मूर्ती करावी आणि तिला नळ्या जोडाव्यात. जाळलेले तूस, कापसाचे बारीक तुकडे आणि मीठ घालून माती मऊ वाटावी. तिचे तीन लेप द्यावेत. पहिला पातळ, सावलीत वाळवलेला. मेणाचे वजन आधीच करून ठेवावे, कारण त्याच्या किती पट धातू लागेल हे त्यावरून ठरते. मग साचा तापवावा. मेण वितळून निघून जाते आणि त्या रिकाम्या जागी धातूचा रस ओतला जातो. निवल्यावर साचा फोडावा लागतो. मेणावर उमटलेली बारीक रेघसुद्धा धातूत उतरते. परंतु मेणही गेले आणि साचाही गेला. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव असते. तामिळनाडूतील स्वामिमलै येथील मूर्तिकार आजही मेणाच्याच रीतीने मूर्ती ओततात.

अशा मूर्तीला खरे भय असते ते तिच्याच धातूचे. दगडी मूर्ती भंगली तरी तिचे तुकडे उरतात. धातूची मूर्ती मोडीत गेली, की तिचे भांडे होते, नाणे होते, तोफही होते. प्राचीन ग्रीकांच्या बहुसंख्य ब्राँझ मूर्ती अशाच वितळल्या. इटलीतील रिआचे येथे १९७२ साली दोन भव्य मूर्ती मिळाल्या, त्या समुद्राच्या तळाशी राहिल्या म्हणून. अकोट्याच्या मूर्ती मातीने राखल्या.

परंतु मातीने राखलेली वस्तू ओळखणारा डोळाही लागतो. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी या मूर्तींवरील लेख वाचले, लिपीवरून काळ ठरवला आणि १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक मूर्ती जीवंतस्वामींची, म्हणजे संन्यासापूर्वी राजवेषात ध्यानस्थ उभ्या असलेल्या महावीरांची आहे. तिच्यावरील लेख सांगतो, की ती चंद्रकुलातील नागीश्वरी नावाच्या श्राविकेने अर्पण केली. शाह यांनी ती सहाव्या शतकातील मानली. ज्याच्या बोटांनी मेणाला रूप दिले त्या कारागिराचे नाव त्या लेखात नाही. नागीश्वरी कोणाची कोण, हेही तो सांगत नाही. तरीही सुमारे चौदाशे वर्षांनंतर आपण तिचे नाव उच्चारू शकतो, ते एका ओळीमुळे आणि ती ओळ वाचणाऱ्या विद्वानामुळे.

सभासदहो, मोड आणि रद्दी या दोन्ही वस्तू वजनावर विकल्या जातात. तराजूला मूर्तीतले रूप कळत नाही, तसा ग्रंथातला मजकूरही कळत नाही. शंभर वर्षांच्या ग्रंथालयात जीर्ण पुस्तके निघणारच. जागेची अडचणही खरी आहे. माझी विनंती एवढीच, की एखादे पुस्तक बाद करण्यापूर्वी त्याचे पहिले पान कोणीतरी उघडावे. तेथे कोणा आजीने पतीच्या स्मरणार्थ, कोणा शिक्षकाने निवृत्तीच्या दिवशी ते दिल्याची नोंद असेल. पुस्तक राखणे शक्य नसेल, तर ती ओळ तरी नोंदवहीत उतरवून घ्यावी. नागीश्वरीच्या वाट्याला तरी एका ओळीहून अधिक काय आले?