तीच जांभळी धार



आठवीत सरांनी पाण्याच्या चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचे खडे टाकून खाली स्पिरिटचा दिवा लावला होता, आठवतं? जांभळी रेघ वर चढली, वळली, खाली आली. मी आकृती काढली, पाचपैकी पाच मिळवले आणि विसरून गेले.

पुढे इंजिनिअर झाले, प्रोग्रॅम लिहू लागले. एकदा पोलाद कारखान्याचं काम आलं. तिथे वितळलेलं पोलाद लॅडल नावाच्या प्रचंड बादलीतून टंडिश या हौदात पडतं आणि हौदाच्या तळाच्या भोकातून साच्यात जातं. तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या वर. त्या पोलादात ॲल्युमिनाचे बारीक कण असतात. ते हलके असतात. हौदात वेळ मिळाला तर तरंगून वरच्या मळीत जातात. नाही मिळाला तर पोलादातच राहतात आणि माल सदोष निघतो.

समजा हौदात ३० टन पोलाद आहे आणि मिनिटाला ३ टन बाहेर पडतंय, तर सरासरी मुक्काम १० मिनिटं. माझ्या प्रोग्रॅमचं रंगीत चित्रही सगळं ठीक दाखवत होतं. पण तिथल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "मॅडम, पाण्यात बघितलंत का?"

मला हसू आलं. पोलाद पाण्याच्या सातपट जड! पण चिकटपणाला घनतेने भागलं, की १६०० अंशांचं पोलाद आणि साधं पाणी जवळजवळ सारखंच निघतं. म्हणून पारदर्शक हौदात पाणी सोडून पोलादाची चाल बघता येते.

त्यांनी वरून पडणाऱ्या धारेत रंग सोडला. तोच, जांभळा! धार तळाला आपटली आणि तळालगत सरळ भोकाकडे पळाली. मिनिटभरही थांबली नाही. हिशेब लवकर व्हावा म्हणून मी तळाजवळची गणिताची जाळी विरळ ठेवली होती; ही धार त्या जाळीतून निसटली होती. सरासरी बरोबर होती, मी चुकले होते. तळाशी आडवा बांध घातला, तेव्हा रंग वर उसळला.

सर, त्या दिवशी तुमची फार आठवण आली.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला संगणक द्यायचं घाटतंय. जरूर द्या, माझं पोट त्यावरच चालतं. पण आधी प्रयोगशाळेला चंचुपात्रं आणि दिवे द्या, प्रत्येक बाकाला एक. आपल्या वेळी सगळ्या वर्गात एकच होतं आणि मी मागून टाचा उंचावून बघत होते.