आतडं अडकलं तर ऑपरेशन करायचं का?

आजचा विषय जड आहे, पण ज्या घरावर ही वेळ येते तिथे ठरवायला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून आधीच बोलून ठेवू.

बीजांडकोशाचा कॅन्सर बहुतेक वेळा उशिरा कळतो. दोन घासांत पोट भरतं, पोट फुगतं, आपण म्हणतो गॅस झाला. तोवर आजार पोटातल्या पडद्यावर आणि आतड्यांवर बारीक दाण्यांसारखा पसरलेला असतो. तो वाढला किंवा उपचारानंतर उलटला, की काही जणींचं आतडं अडकतं. पोटात कळा येतात, पोट टम्म होतं, शौचाला होत नाही, वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या थांबत नाहीत.

अशा वेळी घरात पहिली आठवण होते ती एरंडेलाची. ते देऊ नका. पुढची वाट बंद असताना मागून जोर लावला तर आतडं फुटू शकतं. खायला-प्यायला न देता थेट मोठा दवाखाना गाठा, आणि आधीच्या ऑपरेशनचे, केमोचे सगळे कागद बरोबर घ्या.

तिथे नाकातून पोटात नळी घालून साचलेलं पाणी काढतात, सलाईन लावतात, सीटी स्कॅन करतात. काही जणींचं आतडं एवढ्यावरच मोकळं होतं. नाही झालं, तर ऑपरेशनचा प्रश्न येतो.

ऑपरेशनमध्ये अडलेला तुकडा कापून दोन टोकं जोडतात, किंवा अडथळ्याला वळसा घालून आतड्याला आतडं जोडतात. तेही जमलं नाही, तर आतड्याचं तोंड पोटावर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. शौच तिथून पिशवीत येतं. पिशवी रिकामी करायला नर्स शिकवते. पिशवी असलेल्या बाईने स्वयंपाक केला, नातवंडाला मांडीवर घेतलं, तर काहीही बिघडत नाही.

आता खरी गोष्ट. या ऑपरेशनने कॅन्सर बरा होत नाही. उलट्या थांबाव्यात, चार घास खाता यावेत, यासाठी ते असतं. आतडं एकाच जागी अडकलं असेल, बाई हिंडती-फिरती असेल, केमोला अजून वाव असेल, तर फायदा होऊ शकतो. पण आतडं अनेक जागी अडकलेलं, पोटात पाणी साचलेलं, अंगात ताकद उरलेली नाही, अशा बाईला ऑपरेशनचा त्रासच जास्त होतो. जखम भरत नाही, शिवण सुटते, उरलेले दिवस वॉर्डात जातात. ऑपरेशन बरं की औषधं, हे जगभरच्या अभ्यासांतून शोधणारा कोक्रेनचा एक आढावा 2010 साली निघाला. त्यात धरण्याजोगा एकच छोटा अभ्यास सापडला, 47 बायकांचा, आणि त्यावरून ठाम उत्तर निघालं नाही. म्हणून डॉक्टर “तुम्हीच सांगा” म्हणाले तर ते अंग काढून घेतायत असं लगेच समजू नका.

पण हे “तुम्ही” म्हणजे कोण? आपल्याकडे जिन्याखाली मुलगा, जावई आणि दीर उभे राहून ठरवतात. बाई आत कॉटवर असते, शुद्धीत असते, तिला कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही. पोट तिचं आहे. तिला विचारा, आणि तिच्यासमोरच डॉक्टरांना विचारा: ऑपरेशननंतर ही खाऊ शकेल का? घरी कधी येईल? पिशवी लागेल का? नाही केलं तर काय?

नाही केलं तरी उपचार असतात. मॉर्फिनने कळा थांबतात. ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनने आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं, उलट्या कमी होतात. काही ठिकाणी पोटावरून जठरात बारीक नळी बसवतात, मग नाकातली नळी निघते आणि घोटभर चहा घेता येतो. प्यायलेलं नळीवाटे बाहेर येतं, पण जिभेला चव मिळते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काय होईल, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

आणि तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापडाने ओठ पुसा, डॉक्टरांना विचारून बर्फाचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा. हे काम रात्री दोन वाजतासुद्धा करावं लागतं, तेव्हा गटातल्या दोघी-तिघींनी पाळ्या लावून घ्या.