बुटाची पारख आणि मजुरीचा हिशेब

(बेळ्ळंदूर येथील रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)

वेतन, बढती, बदली हे आपले नेहमीचे विषय. ते आज होतीलच. पण त्याआधी आम्ही या टेबलावर बुटांचा एक जोड ठेवला आहे. बैयप्पनहळ्ळी–होसूर मार्गावर, आपल्या बेळ्ळंदूर रोड थांब्याच्या आजूबाजूला काम करणाऱ्या एका ट्रॅकमन बांधवाचा हा जोड आहे. अथणीकडच्या ओळखीच्या कारागिराने तो हाताने शिवून दिला. किंमत 4,500 रुपये. आमचा हा भाऊ युनियनच्या ऑफिसात येऊन म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, मी फसलो का तेवढे सांगा. बाजारात दोन हजारांत बूट मिळतो."

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. चामड्यातले आम्हाला काय कळणार? म्हणून आम्ही तो जोड घेऊन एका जुन्या चर्मकार बांधवाच्या दुकानात जाऊन बसलो. सोबत दुसराही एक जोड नेला. मागच्या पावसाळ्याआधी आपल्याला कामासाठी वाटलेल्या बुटांपैकी तो होता आणि दोन महिन्यांत त्याचा तळ सुटला होता.

त्या बांधवाने शिकवले ते आपणही ध्यानात ठेवावे. आधी दोन्ही बूट सपाट फळीवर ठेवायचे. ते डुगडुगता कामा नयेत, आणि मागून पाहिले तर टाचा सरळ उभ्या दिसल्या पाहिजेत. मग चवड्यावर अंगठा दाबायचा. चामड्याचा वरचा, मजबूत थर असेल तर बारीक सुरकुत्या उठतात आणि अंगठा काढला की मिटतात. खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला असेल, तर जाड घडी पडते आणि पुढे तिथेच भेग जाते.

त्यानंतर शिवण. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा वेगळा आणि खालचा वेगळा असतो. एक तुटला की पुढचे टाके ढिले पडत जातात. हाताच्या शिवणीत मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. एक टाका झिजला तरी शेजारचा धरून ठेवतो. आपल्या भावाच्या बुटाला तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेली आहे. तळ झिजला तर तेवढाच उसवून नवा बसवता येतो. आपल्याला वाटलेल्या बुटाचा तळ नुसत्या सोल्युशनने चिकटवलेला होता. त्या बांधवाने रापी घेऊन त्याची टाच चिरली. आत भिजून लगदा झालेला पुठ्ठा निघाला! बंधूंनो, त्या पुठ्ठ्यावर आपला माणूस दिवसभर खडीवरून चालत होता.

तेव्हा आमच्या भावाला आमचे पहिले उत्तर असे की, तू फसला नाहीस.

पण दुसरे उत्तरही ऐकून घ्यावे. हा जोड घालून रुळावर काम करू नये. त्याच्या चवड्यात संरक्षक टोपी नाही. सेफ्टी बुटाचे भारतीय मानक आय.एस. 15298 आहे. त्यातल्या चवड्याच्या टोपीने 200 जूलचा आघात सोसावा लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर 20 किलोचे वजन सुमारे 1 मीटरवरून पडले तरी बोटे शाबूत राहिली पाहिजेत. आपण रूळ, स्लीपर, जॅक हाताळतो. इथे कारागिराचे प्रेम पुरत नाही, तपासलेला आणि शिक्का असलेलाच बूट लागतो. आणि तो आपल्या खिशातून घ्यायचा नाही. चांगला बूट मिळत नाही म्हणून आमच्या भावाला 4,500 रुपये मोडावे लागले, ही आपल्या सर्वांसाठी शरमेची गोष्ट आहे.

आता किंमतीचे बोलू. आम्ही त्या कारागिराला फोन लावून हिशेब विचारला. चामडे, तळ, दोरा, खिळे मिळून 2,200 रुपये. उरले 2,300. किती दिवस लागले? तीन. कापणी आणि कलबुतावर चढवण्याचे काम त्याचे, बरीचशी शिवण त्याच्या बायकोची. म्हणजे दोन माणसांचे मिळून सहा दिवस. दर माणशी रोज 383 रुपये पडले. तो म्हणाला, "तिची मजुरी आम्ही कधी धरतच नाही." बंधुभगिनींनो, जोड महाग नाही, तो त्या बाईच्या फुकट श्रमावर स्वस्त झाला आहे!

ही एका घराची गोष्ट नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. सीमेवरून दोन राज्ये भांडली, पण चपलेने दोन्हीकडची माणसे एका कागदावर आणली. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मांडल्या. आपल्याकडे ओरड झाल्यावर ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. नाव मिळाले, चांगले झाले. पण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणाऱ्याच्या व वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात रोज किती पडतात, हा प्रश्न नावाने सुटत नाही.

आपण कामगार वस्तू घेताना घासाघीस करतो आणि संध्याकाळी मजुरी वाढवा म्हणून घोषणा देतो. दोन्ही एकाच तोंडाने कसे चालेल? आणि आपल्याच शेजारी ठेकेदाराची माणसे साध्या चपलांवर खडी टाकतात, तिकडे आपण किती वेळा पाहिले?

म्हणून आम्ही तीन गोष्टी आपल्यापुढे मंजुरीसाठी ठेवतो. बुटांचा माल उतरताच, वाटप होण्याआधी, त्यातला एक जोड ट्रॅकमनच्या प्रतिनिधीसमोर चिरून पाहावा. ठेक्यावरच्या कामगारालाही तोच शिक्का असलेला बूट मिळावा, त्याशिवाय त्याला रुळावर उतरवू नये. आणि आपण स्वतः हाताचे काम विकत घेताना किंमत पाडण्याआधी विचारावे, "किती हातांनी, किती दिवसांत केले?"

आमच्या भावाने आज सकाळी त्या कारागिराला आणखी 500 रुपये पाठवले. "वहिनींच्या शिवणीचे," असे सांगून पाठवले. आम्ही त्याला तसे सांगितले नव्हते.

ठराव मंजूर असेल तर हात वर करावेत. कामगार एकजुटीचा विजय असो!